एका गठ्ठ्याची वाटणी

२१ डिसेंबर २००५ रोजी एक्स.ऑर्ग फाउंडेशनने एकाच प्रणालीच्या दोन आवृत्त्या एकाच दिवशी काढल्या: एक्स११आर६.९ आणि एक्स११आर७.०. दोन्हींतला मूळ कोड एकच होता. सर्व्हर तोच, लायब्रऱ्या त्याच, फाँट तेच. एकीत असलेल्या चुकासुद्धा दुसरीत तशाच होत्या. फरक फक्त बांधणीत होता. ६.९ म्हणजे एकच अवाढव्य गठ्ठा, जो घ्यायचा तर पूर्ण घ्यायचा आणि कंपाइल करायचा तर पूर्ण करायचा. ७.० मध्ये तोच कोड दोनशेहून जास्त मोड्यूलमध्ये वाटलेला होता, आणि प्रत्येक मोड्यूलला स्वतःचा आवृत्ती क्रमांक होता.

कोड अजिबात न बदलता फक्त बांधणी बदलली, तर ज्याच्या टेबलावर संगणक आहे त्याला काय मिळतं? हा प्रश्न एरवी वादाचाच राहतो, कारण बांधणीबरोबर इतर दहा गोष्टी बदललेल्या असतात. इथे त्या बदललेल्या नव्हत्या. म्हणून मोड्यूल स्वतंत्रपणे सोडण्याचा आणि बिल्ड टूलचा मागोवा घ्यायचा तर तो एक्सच्या वाटेनेच घ्यावा, असं मला वाटतं.

एक्स म्हणजे युनिक्स आणि लिनक्स संगणकांवर पडद्यावरच्या खिडक्या, माउसचा बाण, अक्षरं हे सगळं दाखवणारी यंत्रणा; त्यातला पडद्यावर हे चितारणारा मुख्य प्रोग्राम म्हणजे सर्व्हर. बिल्ड टूल म्हणजे माणसाने लिहिलेल्या कोडपासून यंत्राला चालवता येईल असा प्रोग्राम तयार करण्याचं, म्हणजे तो कंपाइल करून जोडण्याचं, काम क्रमवार पार पाडणारं अवजार. या अवजाराचा जन्म एक्सच्या आधीचा आहे.

१९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ लिहिलं. त्यामागचं कारण फेल्डमन यांनीच सांगून ठेवलं आहे. ‘याक’ या प्रोग्रामचे कर्ते स्टीव्ह जॉन्सन एके दिवशी वैतागून त्यांच्या खोलीत आले. प्रोग्राममधली चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती. पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. परिणामी बरोबर असलेल्या प्रोग्राममध्ये चूक शोधण्यात त्यांची अख्खी सकाळ गेली. कुठली फाइल कशावर अवलंबून आहे हे एकदा लिहून ठेवलं, तर काय नव्याने कंपाइल करायचं ते यंत्रानेच ठरवावं, एवढीच मेकची कल्पना. मेकफाइलमध्ये आज्ञेच्या ओळीआधी टॅबच द्यावा लागतो, स्पेस चालत नाही, हा जाच प्रोग्रामर आजही सोसतात. फेल्डमन यांना ते लवकरच खटकलं होतं. पण तोवर मेक वापरणारी डझनभर माणसं झाली होती, बहुतेक मित्रच, आणि त्यांची घडी मोडायला नको म्हणून टॅब तसाच राहिला. २००३ चा एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार त्यांना याच कामासाठी मिळाला. ज्यांची घडी मोडू नये असं त्यांना वाटलं ती सगळी प्रोग्राम लिहिणारी माणसं होती, हे इथे ध्यानात ठेवलं पाहिजे. मेकच्या लेखी वापरणारा म्हणजे प्रोग्राम लिहिणाराच.

एक्सची सुरुवात १९८४ साली एमआयटीत झाली. स्टॅनफर्डहून आलेल्या ‘डब्ल्यू’ नावाच्या खिडकी-प्रणालीत बदल करून बॉब शाइफलर यांनी ती उभी केली, आणि जिम गेटिस वगैरे मंडळी एमआयटीतल्याच प्रोजेक्ट अथीना या प्रकल्पाच्या बाजूने त्यात उतरली. सप्टेंबर १९८७ मध्ये एक्स११ आली. ती सन, डेक, एचपी, आयबीएम अशा एकमेकांशी न जुळणाऱ्या यंत्रांवर चालवायची होती. एका मेकफाइलने ते भागणारं नव्हतं. टॉड ब्रनहॉफ यांनी लिहिलेलं ‘आयमेक’ त्यासाठी आलं. कुठल्या यंत्रावर कुठला कंपाइलर, कुठली लायब्ररी, कुठला पर्याय, याचे साचे एका जागी लिहून ठेवायचे आणि त्यांतून त्या यंत्रापुरती मेकफाइल काढून घ्यायची, ही त्याची रीत. मग कोडच्या सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये जाऊन एकच आज्ञा द्यायची: ‘मेक वर्ल्ड’. या एका आज्ञेवर प्रोटोकॉलच्या फायलींपासून फाँटपर्यंत सगळं बांधलं जाई.

त्या काळी ही व्यवस्था योग्यच होती. एक्स घेणारे होते यंत्र विकणारे कारखानदार. ते अख्खा गठ्ठा घेत, आपल्या यंत्रावर बांधत आणि यंत्राबरोबर गिऱ्हाइकाला देत. गिऱ्हाइकाला बांधणी दिसतच नसे. ज्याला एक्सवर चालणारा एखादा बाहेरचा प्रोग्राम आणून बसवायचा असेल त्याचं मात्र गाडं अडे. यंत्रावर बसलेले आयमेकचे साचे कारखानदाराने त्याच्या कंपाइलरसाठी भरलेले असत. आपल्याकडे जीसीसी हा दुसरा कंपाइलर असेल, तर निघालेली मेकफाइल भलतेच पर्याय मागे. आयमेकला जग आधीपासून ठाऊक असायला हवं होतं, आणि प्रत्येक नव्या यंत्रागणिक ते ज्ञान शिळं होत होतं.

याच्या उलट्या टोकाने विचार करणारं अवजार १९९१ साली डेव्हिड मॅकेन्झी यांनी लिहिलं. त्याचं नाव ऑटोकॉन्फ. प्रोग्रामर लॅरी वॉल यांच्या प्रोग्रामांबरोबर येणारी ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट त्याआधी लोकांनी पाहिली होती. ऑटोकॉन्फची कल्पना अशी: यंत्राचं नाव विचारून कोष्टकात पाहण्यापेक्षा यंत्रालाच एकेक प्रश्न करावा: हे फंक्शन आहे का, ही फाइल सापडते का, हा छोटा प्रोग्राम कंपाइल होतो का. उत्तरं जमली की त्यावरून मेकफाइल लिहावी. पुढे ऑटोमेक आणि लिबटूल त्याला येऊन मिळाले; या तिघांना मिळून ऑटोटूल्स म्हणतात. कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल ही तीन पावलं एका पिढीला तोंडपाठ झाली.

ऑटोकॉन्फच्या कर्त्यांनी एक ठरवलं होतं, आणि त्याबद्दल मला त्यांच्याविषयी खरा आदर वाटतो. बसवणाऱ्या माणसाकडे ऑटोकॉन्फ असण्याची सक्ती नको. त्याच्याकडे साधं शेल, मेक आणि कंपाइलर असला की पुरे. म्हणून कॉन्फिगर स्क्रिप्ट लेखकाने आपल्याकडे तयार करायची आणि तयार मालच गठ्ठ्यात, म्हणजे टारबॉलमध्ये, घालून द्यायचा. लिहिणारा सोडून बसवणाऱ्याच्या सोयीचा असा विचार बिल्ड टूलमध्ये ठळकपणे झाला तो इथे. या सोयीची किंमत तेहतीस वर्षांनी कळली. त्याकडे पुढे येतोच.

दरम्यान एक्स घराघरांतल्या पीसीवर आली ती १९९२ साली सुरू झालेल्या एक्सफ्री८६ या प्रकल्पामुळे. इथे कारखानदार मध्ये नव्हता. बाजारात मिळेल ते ग्राफिक्स कार्ड घालून लोक लिनक्स चालवत. ३.३ आवृत्तीत कार्डाच्या घराण्यागणिक वेगळा सर्व्हर होता: एस३ चा वेगळा, माक६४ चा वेगळा, बाकीच्या बऱ्याच कार्डांना मिळून एसव्हीजीए. कार्ड बदललं की सर्व्हरच बदला. मार्च २००० मधल्या ४.० ने ही अडचण दूर केली. सर्व्हर एकच राहिला आणि तो चालू होताना कार्ड चालवणारे ड्रायव्हर त्याला जोडून घेता येऊ लागले. म्हणजे तयार प्रोग्रामच्या पातळीवर मोड्यूल तेव्हाच वेगळे पडले होते.

मूळ कोड मात्र एकाच झाडात, म्हणजे एकाच फोल्डर-रचनेत, राहिला, आणि दुखणं तिथेच होतं. ४.१ आली जून २००१ मध्ये, ४.२ जानेवारी २००२ मध्ये, ४.३ फेब्रुवारी २००३ मध्ये, ४.४ फेब्रुवारी २००४ मध्ये. ग्राफिक्स कार्डाचे कारखाने इतके थांबत नव्हते. नव्या कार्डाचा ड्रायव्हर लिहून, तपासून तयार असला तरी तो अधिकृतपणे बाहेर पडायचा तो पुढच्या वर्षीच्या गठ्ठ्याबरोबर, कारण फाँटपासून माहितीच्या पानांपर्यंत सगळं तयार झाल्याशिवाय गठ्ठा बांधता येत नसे. कीथ पॅकार्ड यांनी फाँटकॉन्फिग ही फाँट शोधणारी लायब्ररी स्वतंत्रपणे काढली, तेव्हा ती ग्नोम आणि केडीई या डेस्कटॉपांनी झपाट्याने उचलली. गठ्ठ्याबाहेर पडलेली वस्तू किती वेगाने पोचते याचा तो पहिला दाखला. २००३ मध्ये पॅकार्ड यांना एक्सफ्री८६ च्या मुख्य मंडळातून काढण्यात आलं, २००४ मध्ये ४.४ चा परवाना बदलला, लिनक्सचं सगळं सॉफ्टवेअर जुळवून लोकांना देणाऱ्या वितरकांनी पाठ फिरवली आणि एक्स.ऑर्ग फाउंडेशन उभं राहिलं. त्या भांडणाचे तपशील इथे नकोत. परवाना न पटल्याने डेबियन हा वितरक जुन्या आवृत्तीवरच थांबला, आणि जून २००५ मध्ये निघालेल्या डेबियन ३.१ मध्ये एक्सफ्री८६ ची ४.३, म्हणजे दोन वर्षांहून जुनी एक्स होती.

मग सुरुवातीला सांगितलेली वाटणी झाली. प्रोटोकॉल, लायब्रऱ्या, ॲप, ड्रायव्हर, फाँट, डेटा, सर्व्हर अशी खाती पडली. आयमेक जाऊन ऑटोटूल्स आली. कुठली लायब्ररी कुठे आहे हे सांगायला पीकेजी-कॉन्फिग आलं. अधूनमधून सगळ्या मोड्यूलच्या जुळलेल्या आवृत्त्या एकत्र बांधून काढायचं ठरलं, आणि दिसेल ते गुंडाळत जाणाऱ्या चेंडूच्या एका जपानी व्हिडिओ गेमवरून त्या जुडीला ‘कातामारी’ म्हणू लागले.

पहिली परीक्षा तीन महिन्यांत झाली. मार्च २००६ मध्ये कोव्हेरिटी या कोड तपासणाऱ्या साधनाने सर्व्हरमध्ये एक भगदाड दाखवलं. चालवणारा रूट, म्हणजे संगणकाचा सर्वाधिकारी, आहे का हे पाहणाऱ्या ओळीत फंक्शनच्या नावापुढचे कंस राहून गेले होते. त्यामुळे फंक्शन चालतच नव्हतं, त्याचा पत्ता तपासला जात होता, आणि संगणकावरचा कोणीही साधा वापरकर्ता रूटचे अधिकार मिळवू शकत होता. ६.९ आणि ७.० दोन्हींत ही चूक होती. मोड्यूलच्या बाजूला सर्व्हरचं एक छोटं पॅकेज, १.०.२, निघालं आणि काम झालं. फाँटांना, लायब्रऱ्यांना हात लावावा लागला नाही. एकसंध बाजूला ठिगळ लावून ते अवाढव्य झाड पुन्हा बांधणं आलं.

दुसरा दाखला मला जास्त बोलका वाटतो. एप्रिल २००७ मध्ये सर्व्हर १.३ निघाला तो कुठल्याही कातामारीची वाट न पाहता. त्यात पडद्यांची मांडणी बदलणारं रँडआर १.२ होतं. त्याआधी लॅपटॉपला प्रोजेक्टर जोडायचा तर बहुधा कॉन्फिगरेशनची फाइल हाताने लिहून एक्स पुन्हा सुरू करावी लागे. आता चालत्या यंत्राला दुसरा पडदा जोडता येऊ लागला. ज्या शिक्षकाला वर्गात लिनक्सवरून काही दाखवायचं असे त्याला हा फरक कळला असणार. मोड्यूल वेगळे नसते तर हा सर्व्हर सप्टेंबरमधल्या ७.३ च्या जुडीपर्यंत अडकला असता. पण एप्रिलमध्ये निघालेला सर्व्हर उबुंटू या वितरकाच्या नेहमीच्या आवृत्तीतून लोकांना मिळाला तो ऑक्टोबरमध्ये, उबुंटू ७.१० बरोबर. निर्मात्याने वेगळं सोडलं म्हणून वापरणाऱ्याला त्याच दिवशी मिळालं, असं घडलं नाही. मध्ये वितरक होता, आणि त्याला सगळं जुळवून पाहायचं होतं.

एकत्र कुटुंबाची वाटणी होते, चुली वेगळ्या पडतात, पण विहीर सामाईक राहते; तसं इथे झालं. सर्व्हर आणि ड्रायव्हर यांच्यातला करार, ज्याला एबीआय म्हणतात, तो सामाईक होता. सर्व्हरच्या नव्या आवृत्तीत तो करार बदलला की प्रत्येक ड्रायव्हर नव्याने कंपाइल करणं आलं. खुल्या ड्रायव्हरांचं काम वितरक करत. एनव्हिडियासारखे बंद ड्रायव्हर मात्र कंपनी देईल तेव्हा. सर्व्हर पुढे गेला, ड्रायव्हर मागे राहिला, आणि अपडेट केल्यावर काळा पडदा समोर आला, हा अनुभव त्या वर्षांत अनेकांच्या पदरी पडला. एकसंध गठ्ठ्यात असा घोळ निदान गठ्ठ्याच्या आत होत नसे. सगळं एका दिवशी, एकमेकांबरोबर तपासून बाहेर पडत असे. वाटणीत ही हमी गेली.

आणि जो स्वतः बांधत होता त्याचं काय? त्याला पूर्वी एक आज्ञा होती, आता दोनशे मोड्यूल ओळीने. आधी प्रोटोकॉल, मग लायब्रऱ्या, मग सर्व्हर, मग ड्रायव्हर; क्रम चुकला की अडलं. प्रत्येक मोड्यूलची कॉन्फिगर स्क्रिप्ट त्याच यंत्राला तेच प्रश्न पुन्हा विचारत होती, आणि लहान मोड्यूलमध्ये प्रश्नोत्तरांनाच कंपाइलपेक्षा जास्त वेळ लागे. शेवटी दोनशे मोड्यूल क्रमाने बांधणाऱ्या स्क्रिप्ट लिहाव्या लागल्या. ‘मेक वर्ल्ड’ मागच्या दाराने परत आलं. निव्वळ बांधणीच्या सोयीपुरतं पाहिलं तर १९८७ चा आयमेकवाला माणूस २००६ च्या ऑटोटूल्सवाल्यापेक्षा सुखी होता, असंच मी म्हणेन.

तरीही वाटणी बरोबर होती, असं माझं ठाम मत आहे, आणि त्यासाठी एक आपल्या जवळचं उदाहरण देतो. कळफलकाचे आराखडे एक्समध्ये एक्सकीबोर्ड-कॉन्फिग या मोड्यूलमध्ये राहतात. त्याचं वेळापत्रक सर्व्हरशी बांधलेलं नाही. जुलै २०१० मध्ये आयआयटी मुंबईत शिकलेल्या डी. उदयकुमार यांनी रेखलेलं रुपयाचं चिन्ह सरकारने स्वीकारलं, ऑक्टोबरमध्ये ते युनिकोड ६.० मध्ये आलं. ते टंकायचं तर कुठल्यातरी कळीवर बसवायला हवं होतं. आज याच मोड्यूलमध्ये ४ च्या कळीवर रुपया देणारा पर्याय आहे, भारतीय इंग्रजीचा रुपयासह आराखडा आहे, उच्चारानुसार मराठी टंकण्याचा कागपा आराखडाही आहे. हे सगळं निव्वळ डेटा आहे. ते घेण्यासाठी सर्व्हरच्या एका ओळीला हात लावावा लागत नाही, कुठल्या ग्राफिक्स ड्रायव्हरची वाट पाहावी लागत नाही. जुन्या गठ्ठ्यात मराठी कळफलकातली दुरुस्ती एखाद्या ग्राफिक्स कार्डाच्या रखडलेल्या कामापायी वर्षभर पडून राहिली असती. लहान भाषांची, थोड्या माणसांची गरज मोठ्या गठ्ठ्यात नेहमी शेवटी मोजली जाते. वेगळ्या मोड्यूलमध्ये तिला स्वतःचं वेळापत्रक मिळतं.

कातामारीची गरज हळूहळू सरली. शेवटची, ७.७, जून २०१२ मध्ये निघाली. पण मोड्यूल म्हणून वेगळा काढलेला सर्व्हरही आतून मोठाच होता. मे २०१८ च्या १.२० नंतर तीन वर्षं त्याची मोठी आवृत्ती निघालीच नाही, आणि त्याच्या पोटात असलेल्या एक्सवेलँडमधल्या सुधारणा तिथेच साठत गेल्या. एक्सची जागा घेऊ पाहणारी वेलँड ही नवी प्रणाली वापरणाऱ्यांना एक्सचे जुने प्रोग्राम चालवायला लागणारा हा भाग. शेवटी मार्च २०२१ मध्ये एक्सवेलँडची २१.१ आवृत्ती सर्व्हरपासून वेगळी निघाली. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचं दुखणं तेच, उपायही तोच. दरम्यान युसी पाक्कानेन यांनी लिहिलेलं मेसन हे बिल्ड टूल ऑटोटूल्सची जागा घेऊ लागलं. ते वेगवान आहे, त्याची फाइल माणसाला वाचता येते. पण पडद्यासमोरच्या माणसाला आपली एक्स कशाने बांधली आहे याचा पत्ताही नसतो.

तो पत्ता त्याला असायला हवा होता का, हा प्रश्न मार्च २०२४ मध्ये फार कडवटपणे समोर आला. एक्सझी या फायली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत घुसखोरीची चोरवाट सापडली. ती अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला सापडली, कारण दूरच्या संगणकावर एसएसएचने लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता आणि त्यांनी त्याचा पिच्छा सोडला नाही. चोरवाटेचा ऐवज चाचणीच्या फायलींमध्ये दडवला होता. पण तो बाहेर काढून प्रोग्राममध्ये घुसवणारी ओळ होती ऑटोटूल्सच्या एका मॅक्रो फाइलमध्ये, आणि ती ओळ सार्वजनिक कोडभांडारात नव्हती. ती फक्त सोडलेल्या टारबॉलमध्ये होती. भांडार आणि टारबॉल यांत फरक असणं कोणाला खटकलं नाही, कारण ऑटोकॉन्फच्या रीतीनुसार तो असतोच: बसवणाऱ्याच्या सोयीसाठी तयार माल त्यात घातलेला असतो. हजारो ओळींची ती तयार स्क्रिप्ट कोणी वाचत नाही. शिवाय ही चोरवाट डेबियनचं किंवा आरपीएम प्रकारचं पॅकेज बांधलं जात आहे का हे पाहूनच कामाला लागत होती. वापरणाऱ्यापर्यंत सॉफ्टवेअर कोणत्या हातातून पोचतं हे हल्लेखोराला नेमकं ठाऊक होतं. डेबियनच्या चाचणीतल्या आवृत्त्यांपर्यंत आणि फेडोरा या वितरकाच्या रॉहाइड या कच्च्या आवृत्तीपर्यंत ते पोचलं. स्थिर आवृत्त्या वाचल्या, त्या वितरकांच्या सावकाश चालण्यामुळे. उबुंटूचे सहा महिने खटकले होते. इथे त्याच उशिराने लाखो यंत्रं वाचवली.

मेक असो, आयमेक, ऑटोटूल्स किंवा मेसन, बिल्ड टूलने वापरणाऱ्याला थेट मदत केली असं मला या मागोव्यात कुठे दिसत नाही. मदत झाली ती वेगळ्या आवृत्त्या काढण्याच्या निर्णयाने आणि त्या जुळवून पाहणाऱ्या वितरकांच्या कामाने. टूलने ते काम सोपं किंवा अवघड केलं इतकंच. तेव्हा पुण्यात, बंगळुरात किंवा कुठेही जे कोणी आपलं सॉफ्टवेअर मोड्यूलमध्ये वाटून सोडत असतील, त्यांना माझी विनंती आहे. मोड्यूल जरूर वेगळे सोडा. पण कुठली आवृत्ती कुठल्या आवृत्तीबरोबर तपासली आहे ते दर वेळी लिहून द्या, करार मोडत असेल तर क्रमांकातच दिसू द्या, आणि टारबॉलमध्ये असं काहीही घालू नका जे भांडारातून कोणालाही जसंच्या तसं पुन्हा काढता येणार नाही.